डोक्याला मार लागूनही ‘मी ठीक आहे’: आईस हॉकीतील कन्कशन तपासणी नेमकी कुठे कमी पडते?

२७ जानेवारी २०१६. कॅनडातील कॅल्गरी शहरात आईस हॉकीचा सामना सुरू होता. कॅल्गरी फ्लेम्सचा डेनिस वाइडमन प्रतिस्पर्ध्याच्या धडकेने मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर आदळला. सावकाश उठला आणि आपल्या बाकाकडे निघाला. वाटेत एक पंच पाठमोरे उभे होते. वाइडमनने दोन्ही हातांतली काठी उचलून त्यांना मागून ढकलले आणि ते खाली कोसळले. सामन्यानंतर वाइडमनला कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचे निदान झाले. लीगने त्याला २० सामन्यांसाठी निलंबित केले. पुढे लवादाने ही शिक्षा १० सामन्यांवर आणली.

शिक्षा योग्य होती का, हा वाद बाजूला ठेवू. डॉक्टर म्हणून मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याला तपासणीसाठी आत न्यावे, अशी सूचना संघापर्यंत पोहोचली होती. बाकावर त्याला विचारले गेले. ‘मी ठीक आहे’ असे तो म्हणाला आणि उरलेला सामना खेळला.

आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आणि हिरवे टर्फ डोळ्यांसमोर येते. इथे विषय आहे तो बर्फावरच्या हॉकीचा, म्हणजे अमेरिका आणि कॅनडातील एनएचएल या व्यावसायिक लीगचा. या खेळात अंगाने धडक देणे नियमात बसते, खेळाडू वेगाने घसरत येतात आणि चारही बाजूंना कठीण फळ्या व काच असते. डोक्याच्या दुखापतींची तपासणी पद्धतशीर करायला सुरुवात करणाऱ्या पहिल्या व्यावसायिक लीगमध्ये एनएचएलचा समावेश होतो. १९९७ पासून तिथे तसा कार्यक्रम चालू आहे. तरीही लक्षणे लपवण्याचा प्रश्न सुटलेला नाही. तो का सुटत नाही हे समजून घेतले, तर तुमच्या घरातल्या खेळणाऱ्या मुलाला काय विचारायचे आणि त्याच्या उत्तरावर किती विसंबायचे, हेही लक्षात येईल.

कन्कशन म्हणजे काय?

मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. डोके जोरात आणि अचानक हलले की मेंदूही आत हलतो, पिळवटतो. त्याने मज्जातंतूंचे बारीक धागे ताणले जातात आणि पेशींमधील क्षारांचा तोल बिघडतो. तो पूर्ववत करायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. म्हणून डोके दुखते, गरगरते, प्रकाश सहन होत नाही, विचार मंदावतो, चिडचिड होते.

यात दोन गैरसमज फार आढळतात. पहिला, शुद्ध हरपली नाही म्हणजे कन्कशन नाही. प्रत्यक्षात बहुसंख्य कन्कशनमध्ये रुग्ण बेशुद्ध होतच नाही. दुसरा, ‘सीटी स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही झाले नाही.’ सीटी स्कॅन करतात तो कवटी मोडली आहे का, आत रक्तस्राव झाला आहे का हे पाहण्यासाठी. कन्कशन हा मेंदूच्या कामकाजातला बिघाड आहे आणि तो स्कॅनच्या चित्रात सहसा उमटत नाही. ओपीडीत नॉर्मल रिपोर्ट हातात धरून ‘मग डोके का दुखते?’ असे विचारणारे पालक मला नेहमी भेटतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर रिपोर्टात नसून रुग्ण जे सांगतो त्यात असते, आणि खेळाडूंच्या बाबतीत सगळी अडचण इथूनच सुरू होते.

तपासणी कशी होते?

एनएचएलमध्ये मोसमापूर्वी प्रत्येक खेळाडूची मूळ चाचणी घेतात. कम्प्युटरवर स्मरणशक्ती, लक्ष आणि प्रतिसादाचा वेग मोजतात. पुढे डोक्याला मार लागला की तीच चाचणी पुन्हा घेऊन दोन्ही निकालांची तुलना करतात. २०११ च्या मार्चमध्ये आणखी एक बदल झाला. संशयित खेळाडूला बाकावरच दोन प्रश्न विचारून परत पाठवायचे नाही, तर शांत खोलीत नेऊन डॉक्टरांनी तपासायचे, असे ठरले. गोंगाटात, धापा टाकत असलेल्या माणसाची स्मरणशक्ती तपासणे निरर्थकच होते.

त्या खोलीत जी तपासणी वापरतात तिचे नाव ‘स्कॅट’. जगभरातील अनेक खेळांत ती वापरली जाते आणि तिची सहावी आवृत्ती २०२३ मध्ये आली. नीट करायची तर १० ते १५ मिनिटे लागतात. दहा शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावतात, आकडे उलट्या क्रमाने विचारतात, वर्षाचे महिने डिसेंबरपासून मागे म्हणायला सांगतात, तोल पाहतात, आणि काही मिनिटांनी ते दहा शब्द पुन्हा विचारतात. याशिवाय २२ लक्षणांची यादी असते. डोकेदुखी, मळमळ, धूसर दिसणे, ‘डोक्यात धुके भरल्यासारखे वाटणे’ अशा प्रत्येक लक्षणाला खेळाडूने स्वतः ० ते ६ गुण द्यायचे.

कन्कशन ओळखण्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो हा शेवटचा भाग, लक्षणांची यादी. आणि खोटे बोलायला सगळ्यात सोपा भागही तोच. बावीसच्या बावीस ओळींपुढे शून्य लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

मूळ चाचणीतही फट आहे. मोसमापूर्वीच मुद्दाम हळू खेळले, चुका केल्या, तर मूळ गुण कमी लागतात. मग मार लागल्यानंतरचे कमी गुण ‘नेहमीचेच’ दिसतात. अशी लबाडी पकडण्यासाठी चाचणीत खुणा पेरलेल्या असतात आणि बहुतेक जण त्यात सापडतात, पण सगळे नाही. शिवाय वर्षानुवर्षे त्याच प्रकारची चाचणी देणाऱ्याला तिचा सरावही होतो. कन्कशन सिद्ध करणारी रक्ताची खात्रीशीर चाचणी आजही मैदानावर उपलब्ध नाही. गुडघ्याच्या फाटलेल्या अस्थिबंधाचा एमआरआय खेळाडूला लपवता येत नाही. डोकेदुखी मात्र लपवता येते.

वरून पाहणारे डोळे

खेळाडू सांगत नसेल तर त्याच्या हालचालींवरून ओळखावे, हा त्यावरचा उपाय. वाइडमन प्रकरणानंतरच्या मोसमात, म्हणजे २०१६ च्या शरद ऋतूपासून, एनएचएलने न्यूयॉर्कमध्ये निरीक्षक बसवले. ते पडद्यावर सामने पाहतात. खेळाडू निपचित पडला, लटपटला, शून्यात पाहू लागला, तर त्याला तपासणीसाठी बाहेर काढणे संघावर बंधनकारक असते आणि न काढल्यास क्लबला दंड होतो. आता खेळाडूच्या ‘मी ठीक आहे’ला निदान त्या क्षणी तरी किंमत उरली नाही. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतली ही सगळ्यात शहाणी सुधारणा आहे.

पण पुढच्याच वसंतात तिची मर्यादा दिसली. पिट्सबर्गचा कर्णधार सिडनी क्रॉस्बी हा या खेळातला सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. २०११ च्या जानेवारीत पाच दिवसांत दोनदा मार बसल्यानंतर तो साडेदहा महिने मैदानाबाहेर राहिला होता. १ मे २०१७ रोजी प्लेऑफमध्ये त्याला पुन्हा कन्कशन झाले. एक सामना विश्रांती घेऊन तो परतला. ८ मे रोजी तो डोक्यावरच फळ्यांवर आदळला, हळूहळू उठला, आणि सामन्यातून त्याला तपासणीसाठी बाहेर काढले गेले नाही. लीगचे स्पष्टीकरण असे होते की त्या वेळच्या नियमात, सावकाश उठण्याबरोबर डोके बर्फावर आपटले असेल तरच बाहेर काढणे सक्तीचे होते, फळ्यांचा उल्लेख त्यात नव्हता. कलमाच्या दृष्टीने उत्तर बरोबर होते. आठवडाभरापूर्वी कन्कशन झालेल्या मेंदूला आपण बर्फावर आपटलो की लाकडावर, याने काय फरक पडतो, हा प्रश्न मात्र उरतोच.

नियम कितीही नेमका लिहिला तरी दुसरी अडचण राहतेच. एनएचएलच्याच सामन्यांच्या चित्रफितींचा अभ्यास सांगतो की डॉक्टरांनी निदान केलेल्या कन्कशनपैकी जवळपास निम्म्या घटनांत बाहेरून दिसणारी कोणतीही खूण नव्हती. म्हणजे कॅमेरा निम्मे काम करतो. उरलेले निम्मे पुन्हा खेळाडूच्या तोंडी उत्तरावर येऊन थांबते. त्यात अनेकांची लक्षणे लगेच सुरूही होत नाहीत, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवतात. सामन्याच्या भरात वेदना कळत नाही, हे तर गल्लीत क्रिकेट खेळलेल्यालाही ठाऊक आहे.

खेळाडू का लपवतात?

पैशासाठी, असे चटकन वाटते. ते पूर्ण खरे नाही. एनएचएलमधील करार बऱ्याच अंशी हमीचे असतात, जखमी झाला म्हणून पगार थांबत नाही. भीती असते ती जागा जाण्याची. ज्याचा करार दुहेरी असतो, त्याला खालच्या लीगमध्ये पाठवले की पगार एकदम घटतो, आणि त्याची जागा घ्यायला दुसरा तरुण तयारच असतो. डोक्याची दुखापत वारंवार होणारा, अशी ख्याती पसरली तर पुढचा करार अवघड होतो. संघसुद्धा दुखापत जाहीर करताना मोघम बोलतात. ‘शरीराच्या वरच्या भागाला दुखापत’ एवढेच सांगायची तिथे पद्धत आहे. खांदा आणि मेंदू एकाच शब्दात! प्रतिस्पर्ध्याला दुखरी जागा कळू नये हा हेतू समजतो, पण ज्या व्यवसायात दुखापत झाकणे हा रिवाजच आहे, तिथे खेळाडूने उघडपणे सांगावे ही अपेक्षा अवघड होते.

आणि कौतुक कशाचे होते तेही पाहा. २००३ च्या स्टॅन्ली कप अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात अनाहाइमचा कर्णधार पॉल कारिया जबरदस्त धडकेने बर्फावर निपचित पडला होता. थोड्याच वेळात तो परत आला आणि त्याने गोल केला. तो क्षण हॉकीप्रेमी आजही भारावून आठवतात. हाच कारिया २०११ मध्ये वारंवारच्या कन्कशनमुळे निवृत्त झाला. त्या निवृत्तीची चित्रफीत कोणी पुन्हा पुन्हा पाहत नाही.

हे सारे व्यावसायिक खेळाडूंपुरतेच आहे असे समजू नका. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात शाळकरी फुटबॉलपटूंना विचारले, तेव्हा कन्कशन झालेल्यांपैकी निम्म्यांहून कमी जणांनी ते कोणाला सांगितले होते. न सांगण्याचे सर्वांत मोठे कारण होते ‘एवढे काही गंभीर वाटले नाही’. त्यानंतर ‘सामन्यातून काढतील ही भीती’. म्हणजे प्रत्येक लपवणारा खोटारडा नसतो. ज्या मेंदूला इजा झाली आहे, त्याच मेंदूला आपण स्वतःची इजा जोखायला सांगतो. वाइडमनला ‘मी ठीक आहे’ हे त्या क्षणी मनापासून वाटले असणे अगदी शक्य आहे.

लपवल्याने काय होते?

पहिला तोटा साधा आहे: बरे व्हायला उशीर लागतो. २०१६ मधील एका अभ्यासात किशोरवयीन खेळाडूंचे दोन गट पाहिले. लगेच खेळ थांबवलेले सरासरी २२ दिवसांत बरे झाले, खेळत राहिलेल्यांना ४४ दिवस लागले. म्हणजे ‘महत्त्वाचा सामना चुकू नये’ म्हणून जो लपवतो, तोच जास्त सामने चुकवतो. कन्कशननंतर घाईने परतलेल्यांना पायाच्या दुखापतीही जास्त होतात, कारण तोल आणि प्रतिसाद पूर्ववत झालेला नसतो.

दुसरा धोका क्वचित घडणारा, पण जीवघेणा. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे बहुधा किशोरवयीन मुलांत दिसते. कॅनडातील ओटावा येथील एक सतरा वर्षांची मुलगी २०१३ मध्ये अशीच गेली. ती रग्बी खेळायची. काही दिवसांत तिच्या डोक्याला एकामागून एक मार बसले होते आणि आपल्याला कन्कशन झाले असावे अशी शंका तिने मैत्रिणींना मेसेजमधून कळवली होती. घरच्यांना ते ठाऊक नव्हते. तिच्या नावाने ओंटॅरिओ प्रांताने २०१८ मध्ये ‘रोवन्स लॉ’ हा कायदा केला.

तिसरा परिणाम वर्षानुवर्षे साचत जाणारा. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसलेल्यांच्या मेंदूत एक विशिष्ट झीज आढळते, तिला सीटीई म्हणतात. तिचे पक्के निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ७७ आईस हॉकी खेळाडूंच्या दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ४२ मेंदूंत सीटीई होती, आणि खेळलेल्या प्रत्येक वर्षागणिक तिची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढत होती. हा आकडा वाचून घाबरण्याआधी एक लक्षात घ्या. ज्यांना हयातीत त्रास होता त्यांच्याच घरचे लोक बहुधा मेंदूदान करतात, त्यामुळे ‘निम्म्याहून अधिक हॉकीपटूंना सीटीई होते’ असा अर्थ काढता येत नाही. एकदा कन्कशन झालेल्या मुलाला पुढे सीटीई होणारच, असेही नाही. धोका वारंवारच्या माराचा आहे.

लीगचे प्रमुख गॅरी बेटमन यांनी हॉकी आणि सीटीई यांचा थेट संबंध सिद्ध झाल्याचे वेळोवेळी अमान्य केले आहे. माजी खेळाडूंनी लीगवर भरलेला दावा २०१८ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला, त्यातही लीगने जबाबदारी मान्य केली नाही. जी संस्था धोका पूर्णपणे कबूल करत नाही, तिच्या खेळाडूने डोकेदुखी मात्र लगेच कबूल करावी, ही विसंगती मला खटकते. शिवाय एनएचएलमध्ये कन्कशनचे निदान करायचे ते क्लबच्या डॉक्टरांनीच. त्या डॉक्टरांच्या सचोटीवर मी शंका घेत नाही, पण निर्णायक सामन्यात संघाबाहेरचा डॉक्टर असेल तर खेळाडूवर आणि डॉक्टरवरही दडपण कमी येईल.

सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये, यासाठी नियम करता येतो. क्रिकेटने २०१९ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू पूर्णपणे खेळू दिला. २०२० च्या डिसेंबरात कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला आणि त्याच्या जागी आलेल्या युझवेंद्र चहलने तीन बळी घेतले. त्यावर ऑस्ट्रेलियाकडून नाराजी झाली, नियमाचा फायदा घेतला असेही बोलले गेले. थोडाफार गैरवापर झाला तरी मला तो परवडतो. मार लपवून खेळण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

तुमच्या घरी काय करायचे?

मुलगा कबड्डी खेळो, फुटबॉल खेळो की ज्युदो, डोक्याला किंवा अंगाला जोरात मार लागून तो जरा वेगळा वागला, तर त्या दिवशी खेळ बंद. ‘तू ठीक आहेस का?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. ‘आत्ता कोणाशी सामना होता? गोल कोणी केला? इथे आपण कसे आलो?’ असे विचारा. वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगा. आणि उत्तरे बरोबर आली तरी शंका असेल तर बाहेरच बसवा. हेल्मेट होते म्हणून निश्चिंत राहू नका, ते कवटी मोडण्यापासून वाचवते, आतला मेंदू हलायचा थांबवत नाही.

डोकेदुखी वाढत चालली, एकाहून अधिक वेळा उलटी झाली, झटका आला, शुद्ध हरपली किंवा झोपेतून नीट जागे होईना, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आला, मान दुखू लागली, असंबद्ध बोलणे किंवा विचित्र आक्रमकपणा दिसला, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. मान दुखत असेल तर त्याला स्वतः उचलू नका. घरात कोणी वयस्कर असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही डॉक्टरांना दाखवा.

यातले काही नसेल तर पहिले २४ ते ४८ तास हलकी विश्रांती पुरते. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा जुना सल्ला आता देत नाहीत. घरात फिरणे, थोडे चालणे चांगले, मोबाइल आणि टीव्ही मात्र पहिले दोन दिवस कमी. ‘झोपू देऊ नका’ असे शेजारीपाजारी सांगतील. धोक्याची लक्षणे नसतील आणि डॉक्टरांनी पाहिले असेल तर झोप हवीच. वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका, विशेषतः ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन.

परतण्याचा क्रम आधी शाळा, मग खेळ असा ठेवा. खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या असतात: रोजच्या साध्या हालचाली, हलका व्यायाम, एकट्याने सराव, धडक नसलेला सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यायचे. त्यामुळे शनिवारी कन्कशन झालेले मूल पुढच्या शनिवारचा सामना सहसा खेळू शकत नाही, आणि बहुतेकांना याहून बराच जास्त वेळ लागतो.

तुमचे नातेवाईक टोरंटो, मिसिसॉगा भागात असतील आणि त्यांची मुले तिथे हॉकी किंवा अन्य खेळांच्या क्लबात असतील, तर ‘रोवन्स लॉ’ त्यांनाही लागू होतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना कन्कशनची माहितीपत्रके वाचून तसे क्लबला कळवावे लागते. बरेच जण ते न वाचताच टिचकी मारतात. मुलाला शेजारी बसवून एकदा मोठ्याने वाचा.

आणि पुन्हा खेळण्याची परवानगी मागायला डॉक्टरांकडे जाल, तेव्हा मुलाला एकट्याला आत पाठवू नका. मागच्या आठवड्यात घरी काय दिसले ते कागदावर लिहून न्या: अभ्यासाला बसल्यावर किती वेळाने डोके धरतो, ट्यूबलाइट लावल्यावर डोळे मिटतो का, धाकट्या भावंडावर विनाकारण खेकसतो का, दुपारी किती झोपतो. मूल ज्या रकान्यात शून्य लिहील, तिथे तुमचा कागद डॉक्टरांच्या उपयोगी पडेल.